आसंध नाना आणि डबल बेल

आमच्या गल्लीत एक घर असं आहे, जिथून पाहुण्यानं कधी उठायचं ते घंटा ठरवते. ओसरीच्या तुळईला पितळेची घंटा टांगलेली आहे. तिची दोरी दोन खिळ्यांवरून फिरवून थेट घरमालकाच्या खुर्चीपर्यंत आणली आहे. बोलणं संपलं असं मालकाला वाटलं की तो दोरी दोनदा ओढतो. टिंग, टिंग. मग समोरचा माणूस वाक्याच्या मध्यावर असो नाहीतर चहाच्या, त्यानं उठायचं. मागच्या निवडणुकीत एक उमेदवार मतं मागायला आला होता. त्यानं हात जोडून "आपला आशीर्वाद" एवढंच म्हटलं आणि डबल बेल पडली. घोषणा द्यायच्या तयारीत असलेल्या कार्यकर्त्यांना घाईघाईनं आपापल्या चपला शोधाव्या लागल्या.

हे घर आसंध नानांचं. नानांना खरं नाव आहे, पण ते पेन्शनच्या कागदांवर सोडून दुसरीकडं सापडत नाही. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली, त्यातली बहुतेक केज-परळी गाडीवर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आपण गाडीतून उतरलो ही बातमी नानांपर्यंत अजून पोचलेली नाही. ते चालताना अजून डाव्या हातानं वर धरायला दांडी शोधतात. पंगतीत वाढताना "पुढं सरका, पुढं सरका, मागं माणसं हायत" म्हणतात. सत्यनारायणाला गेले तरी आधी दारात उभे राहून आत किती डोकी आहेत ते बघतात, मग बसतात.

एकदा गल्लीत नवीन भाडेकरू आला. घंटा पाहून त्याला देऊळ वाटलं. बिचाऱ्यानं चपला काढल्या, दोरी एकदा ओढली आणि डोळे मिटले. नाना आतून धावत आले.

"कोण हाय बे? कावून थांबवली गाडी?"

भाडेकरू म्हणाला, "नमस्कार करत होतो."

"एक घंटी म्हंजे थांब. दोन म्हंजे चल. मालूम न्हाई तर दोरीला हात कावून लावला?" आणि लगेच त्यांनी डबल बेल देऊन त्याची रवानगी केली. तेव्हापासून गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा हा कायदा जाणतं. नानांच्या हातून मात्र एक घंटी कधी कुणी ऐकली नव्हती. त्यांना माणसं थांबवण्यात रस नव्हता, पिटाळण्यात होता.

आता आसंधीकडं येतो. कंबरेएवढं मातकट हिरवं झुडूप. बांधावर, पडक्या भिंतीत, स्टँडच्या मागच्या उकिरड्यावर कुणी न लावता उगवतं. जनावर तोंड लावत नाही. कागदासारख्या पातळ टोपरात तिची लालभडक गोल फळं असतात आणि मुळीला घोड्याच्या पागेचा वास येतो. आमच्याकडं तिला ढोरगुंज म्हणायचे आणि तिच्याकडं ढुंकूनही बघायचे नाहीत. मग तेच झुडूप शहरात जाऊन अश्वगंधा हे नाव घेऊन सोनेरी डब्यात बसून परत आलं, आणि अख्ख्या केज तालुक्याला एकदम अशक्तपणा जाणवायला लागला. ज्यांनी आयुष्यात कुदळ उचलली नाही तेही थकवा येतो म्हणून सांगू लागले. मोबाइलवर दंड फुगवून बोलणारी पोरं सकाळी काय घ्यायचं, रात्री काय घ्यायचं ते सांगू लागली. डबा महाग आणि झुडूप फुकट, म्हणून लोकांना नाना आठवले. कारण नानांच्या दारात आसंधीची आठ-दहा झाडं आहेत. तीही राखलेली, आळं करून पाणी घातलेली. तुळस एक आणि आसंध दहा, असं दुसरं दार मी जिल्ह्यात पाहिलेलं नाही.

हिवाळा सरता सरता पानं वाळली की नाना मुळ्या खणतात, धुतात, सावलीत वाळवतात, खलबत्त्यात कुटतात आणि मलमलच्या फडक्यातून गाळतात. त्या दिवसांत आमच्या गल्लीत वरात अडकल्यासारखा घोड्याचा वास असतो. फळं पिकली की ती मात्र नाना रोज सकाळी स्वतः वेचतात आणि परसात खड्डा करून पुरतात. "मुळी वापरायची. फळाला हात लावायचा न्हाई." एका व्यायामवीरानं, मुळीत एवढी ताकद तर फळात किती असेल, असा हिशेब करून ओंजळभर फळं खाल्ली. दिवसभर तो परसाकडच्या वाटेवरच होता. दुसऱ्या दिवशी चेहरा पाडून आला तर नाना म्हणाले, "चुकीच्या गाडीत बसलास. आता डाक्टरच्या थांब्यावर उतर."

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, नाना गावाला औषध देतात. मलाही तसंच वाटायचं. पण त्यांच्याकडून पुडी मिळवणं ही गंमत नाही. मी तहसील कचेरीत कारकून आहे, माणसाला हेलपाटे कसे घालायला लावायचे हे मला शिकवायची गरज नाही. पण नानांपुढं आमची कचेरी म्हणजे धर्मशाळा.

माणूस ओसरीवर चढला की पहिला सवाल ठरलेला, "दुखणं कुठून बसलं, कुठं उतरायचं?" माणूस गुडघा दाखवतो, नाहीतर झोप येत नाही म्हणतो. काही जण मात्र कुणी ऐकत नाही ना हे बघून, खाली मान घालून, "नाना, जरा अशक्तपणा हाय" असं पुटपुटतात. त्यावर नाना शेवटच्या सीटवर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडतात, "अशक्तपणा? कसला अशक्तपणा? पुढं सरकून बोल, हितं ऐकू येत न्हाई!" गल्लीतल्या खिडक्या उघडतात. अर्धे लोक तिथंच बरे होऊन घरी जातात.

जे टिकतात त्यांची पुढची तपासणी सुरू होते. थायरॉडची गोळी चालू हाय का? साखरेची? बीपीची? झोपेची? कावीळ झालती का? पोट साफ हाय का? आपरेशन ठरलंय का? एकाला जरी हो म्हटलं की उत्तर एकच, "आधी डाक्टरला इचारून ये. त्यो चालंल म्हणला तर माझ्याकडं. न्हाई म्हणला तर घरी." एवढं सगळं पार केलं तरी शेवटचा सवाल उरतोच, "घरात कुणाला दिवस गेलेत का?"

हा सवाल बाईला विचारला तर समजू शकतो. नाना पुरुषांनाही विचारतात. सोपानरावांसारख्या सत्तरीच्या विधुरालाही त्यांनी तो विचारला. सोपानराव लाजून लाल झाले. पण नाना गंभीर. "तू घेशील रे, पर पुडी ठिवशील कुठं? फडताळात. सून घील ताकद येती म्हणून. मग?" आणि हो म्हणणाऱ्याला एकच वाक्य ऐकायला मिळतं, "दोन जिवांना एक तिकीट चालत न्हाई. गरवारपणी आसंध न्हाई म्हंजे न्हाई. उतरा खाली." टिंग, टिंग.

मी एकदा उन्हाळाभर आमच्या ओट्यावर बसून लक्ष ठेवलं. चढलेल्यांपैकी पुडी घेऊन उतरलेले एका हाताच्या बोटांवर मावले. इतकं नाही म्हणणारं दुकान चालवायचं कशाला, हे मला कळेना. कचेरीत मी नानांची नक्कल करून दाखवायचो, आणि सांगायला हरकत नाही, ती फार चांगली वठायची.

नकलेतला सगळ्यात हमखास हशा मात्र कौसाकाकूंवर असे. कौसाकाकू म्हणजे नानांची बायको. दोघंच असतात घरात, मूलबाळ नाही. दिवे लागायच्या वेळी नाना चुलीवरून दुधाचा पेला घेऊन बाहेर येतात आणि काकूंपुढं धरतात. काकू पेल्याकडं बघून विचारतात, "काय घातलं न्हाई ना?"

नाना म्हणतात, "काय न्हाई. कोरं हाय."

मगच काकू पेला तोंडाला लावतात. पावसाळा असो, सणवार असो, हा संवाद चुकत नाही. गावाची तपासणी करणाऱ्या माणसाची तपासणी त्याचीच बायको करते! पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही, असं मी टाळी घेऊन सांगायचो.

दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टर आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहतात. वर भांडीकुंडी, शेळ्या, पोरं. त्या दिवसांत नाना ओसरीवर बसत नाहीत, रस्त्यावर जातात. एका वर्षी ट्रॅक्टरवरच्या एका पोरसवदा बाईनं पदराआडून डबी काढली. कुणीतरी तिला ताकदीची पावडर दिली होती. नानांनी डबी हुंगली आणि भर रस्त्यात विचारलं, "बाई, दिवस गेलेत का?"

बाई हसली. "गेलेत की. चौथा हाय."

"मग ही कावून घेतीस?"

"नाना, तिकडं पहाटे कोयता हातात घ्यावा लागतो. तिथं कोण इचारतंय दिवस गेले का म्हणून?"

"मी इचारतोय न्हवं," नाना म्हणाले. डबी खिशात घातली, समोरच्या दुकानातून गूळ-शेंगदाणे घेऊन तिच्या पदरात टाकले आणि सरकारी दवाखान्यात नाव कसं घालायचं ते ट्रॅक्टरचं इंजिन चालू असताना ओरडून सांगितलं. मुकादम शिव्या देत होता. नानांनी ट्रॅक्टरच्या पत्र्यावर हातानं दोन थापा मारल्या आणि ट्रॅक्टर खरंच चालू लागला. मी हाही किस्सा कचेरीत रंगवून सांगितला. मुकादमाच्या शिव्यांना लोक फार हसले.

आता जे सांगायचं आहे त्यात माझी शोभा नाही. पण नानांची एवढी टवाळी केल्यावर स्वतःला वगळणं बरं दिसत नाही.

माझी मुलगी शीतल परळीला दिली आहे. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातव्या महिन्यात आम्ही डोहाळजेवण मांडलं. दारात मांडव, फुलांनी सजवलेला झोपाळा, हिरवी साडी, फुलांचे दागिने, बायकांची गाणी. परळीहून व्याही, विहीणबाई आणि त्यांचा गोतावळा जीप भरून आला. विहीणबाई म्हणजे मानाची मूर्ती. त्यांना हळदीकुंकू द्यायला दुसरा नंबर लागला तरी त्या महिनाभर फोन उचलत नाहीत. लग्नात आमच्याकडून एक आहेर हलका गेला होता, त्याची आठवण त्या शीतलला अजून देत असत. म्हणून त्या दिवशी मी दोन्ही हात जोडूनच हिंडत होतो. जोडलेले हात सोडायची वेळ फक्त जेवताना आली असती.

ओटी भरून झाली. विहीणबाईंनी पिशवीतून स्टीलचा मोठा डबा काढला. त्यात मुठीएवढे लाडू होते. "सुनेसाठी घरी वळलेत. रोज एक खायचा, बाळंतपणापर्यंत," असं म्हणून त्यांनी एक लाडू शीतलच्या हातात दिला. बायकांनी वा वा केलं. मीही केलं.

नाना पुरुषांच्या बाजूला, मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते. त्यांनी एकदम मान वर केली. गर्दीतला बिनतिकिटाचा प्रवासी ते वासानं ओळखायचे अशी त्यांची ख्याती होती, ती मी थापच समजत होतो. ते उठले, "पुढं सरका" म्हणत बायकांच्या घोळक्यात घुसले, आणि शीतलच्या ओठांशी गेलेला लाडू त्यांनी हातातून हिसकावून घेतला.

गाणं थांबलं.

"ह्यात काय काय हाय?" नानांनी विहीणबाईंना विचारलं.

विहीणबाईंना आयुष्यात असं कुणी विचारलं नसावं. त्या थक्क होऊन सांगू लागल्या, "डिंक हाय, खारीक, खोबरं... आन मूठमूठ अश्वगंधा. ताकदीला. डब्यातली हाय, चांगली महागाची."

नानांनी पुढचं ऐकलं नाही. डबा उचलला, मांडवाच्या कडेला खरकट्याची बादली होती तिच्यात उपडा केला आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. साजूक तुपातले लाडू आमटी-भातात बुडाले.

"आमी काय सुनेला इख घालतोत व्हय?" विहीणबाईंचा आवाज फाटला. "बोलवून अपमान करता?"

व्याही उभे राहिले. "गाडी काढा रे."

मुलगी त्या घरात नांदायची आहे, हे लोक असे उठून गेले तर तिला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. लाडवात काय आहे, ते मुलीला चालेल का, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. मी भरल्या मांडवात नानांवर ओरडलो, "नाना, लेकराबाळांच्या गोष्टी लेकुरवाळ्यांवर सोडा! तुम्हाला त्यातलं काय कळतंय?"

मांडवात कुणीतरी फिदीफिदी हसलं आणि मग गप्प झालं. माझी बायको माझ्याकडं बघत राहिली. कौसाकाकू वाणाचं ताट हातात धरून उभ्या होत्या, त्यांनी ते हळूच खाली ठेवलं.

नाना शीतलकडं वळले. "किती खाल्ला?"

"खाल्लाच नाही, नाना."

"बरं," ते म्हणाले आणि गर्दीतून वाट काढत घरी गेले. या वेळी पुढं सरका म्हणाले नाहीत. लोकच बाजूला झाले.

विहीणबाईंना मी कसंबसं थोपवलं. पैठणी द्यायची ठरली नव्हती, ती दिली. त्यांनी जेवण केलं, पण दर घासाला बादलीकडं बघून. रात्रीच्या आत परळीला पोचून त्यांनी सगळ्या भावकीला फोन केले असणार, कारण दुसऱ्या दिवसापासून मला सहानुभूतीचे फोन येऊ लागले.

नानांची घंटा मात्र त्या दिवसापासून वाजली नाही. एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला. लोक ओसरीवर चढत, नाना बोलत नसत, लोक कंटाळून आपलेआप उठत. गल्लीला चुकल्यासारखं व्हायला लागलं. मी मनाशी म्हणायचो, बरं झालं, एवढ्यानं तरी खोड मोडली.

पंधरा दिवसांनी शीतलला तपासणीला नेलं. डॉक्टरीणबाईंना मी लाडवांची हकीकत गंमत म्हणून सांगितली. नानांची नक्कलही केली. त्या हसल्या नाहीत.

"गरोदरपणात अश्वगंधा घेऊ नये," त्या म्हणाल्या. "गर्भाला धोका होऊ शकतो, म्हणून आम्ही नकोच म्हणतो. झाडपाला आहे म्हणजे बाधत नाही, असं नसतं. त्या गृहस्थांनी बरोबर केलं." मग चष्मा काढून त्यांनी मला विचारलं, "तुम्ही शिकलेले आहात. लाडवात काय घातलंय ते तुम्ही का नाही विचारलंत?"

मी कचेरीत दिवसभर लोकांना विचारत असतो. बापाचं नाव काय, आजोबांचं काय, उतारा कुठाय, शिक्का कुठाय. पण विहीणबाईंना लाडवात काय आहे हे विचारायची माझी प्राज्ञा नव्हती. हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही. शीतलला दारात सोडलं आणि घरात न शिरता मी थेट नानांची ओसरी चढलो.

नाना नव्हते. बांधावरची फळं वेचायला गेले होते. काकू शेंगा फोडत बसल्या होत्या. मी डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं. काकूंना त्यात नवल वाटलं नाही. त्या शेंगा फोडता फोडता, खाली बघूनच बोलू लागल्या.

"दादा, तुमी त्या दिवशी बोललात ते मनात ठिवून न्हाई मी. तुमाला मालूम नव्हतं. मला दिवस गेलते एकदा. पाचवा लागलता. अंगात रगत न्हाई, चकरा यायच्या. ह्यांच्या गाडीत एक जण भेटला, त्यो म्हणला, आसंध द्या, लेकरू घोड्यावानी व्हईल. हे हौसेनं मुळ्या घिऊन आले, सोता कुटल्या. मला वास सोसायचा न्हाई. मग हे मला न सांगता दुधात गूळ घालून द्यायचे. मी आपली प्यायची, गोड लागतंय म्हणून. मग एक दिवशी गेलं समदं."

काकूंनी आणखी एक शेंग फोडली.

"डाक्टर म्हणले, कशानं बी झालं असंल. रगत कमी होतं, डोक्यावर पाण्याच्या खेपा होत्या. आसंधीनंच झालं असं कोणी म्हणलं न्हाई. पर ह्यांनी सोताच्या डोक्यावर घेतलं ते घेतलं. पुन्ना कूस उजवली न्हाई माझी."

"मग काकू, ती झाडं दारात कशाला? उपटून का नाही टाकली?"

"मी बी हेच म्हणलं. तर म्हणले, उपटून काय व्हतंय? बांधाबांधाला हाय. लोक घेणारच. माझ्याकडं आले तर इचारून तरी घेतील." काकूंनी मूठभर टरफलं बाजूला सारली. "आन तुमी सगळे हसता ना, मी रोज दूध इचारून पिते म्हणून? एकदा ताप होता मला, बोलायची ताकद नव्हती, इचारलं न्हाई. तर पेला हातात धरून उभेच. साय धरली दुधावर तरी उभे. मी इचारल्याबगार त्यांच्या हातून पेला सुटत न्हाई."

वर्षानुवर्षं मी ज्याची नक्कल करून टाळ्या घेतल्या होत्या ते हे होतं. मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात नाना आले. हातातल्या पिशवीत लाल फळं होती. त्यांनी मला पाहिलं, पिशवी खुंटीला लावली आणि खुर्चीत बसले. कितीतरी दिवसांनी तोच सवाल आला, पण हळू आवाजात, "कुठून बसलं, कुठं उतरायचं?"

"नाना, माझ्या तोंडातून गेलं..." मी सुरुवात केली. "त्या दिवशी मांडवात मी जे..."

"पोरीचं रगत तपासलं का?"

"तपासलं. बरं आहे. पण नाना, माझं चुकलं, मी..."

"थायरॉड?"

"तेही बरं आहे. नाना, माझं जरा ऐकून..."

टिंग, टिंग. मी उठलो. माफी अर्धवट राहिली, पण घंटा सुरू झाली म्हणून गल्लीतल्या दोन-चार खिडक्या उघडल्या आणि माझ्या बायकोनं घरात देवापुढं साखर ठेवली.

शीतलला मुलगी झाली. सुखरूप, टपोरी, आवाजानं एसटीच्या हॉर्नला मागं टाकेल अशी. बारशाला विहीणबाई आल्या. भरल्या घरात त्या बायकांना सांगत होत्या, "मी तर पैल्यापासून म्हणते, गरवार बाईला अश्वगंधा द्यायची न्हाई. लोकांना कळत कसं न्हाई!" मी हात जोडून मान डोलावली. त्यांच्यापुढं माझे हात अजून सुटलेले नाहीत.

बारशाला कौसाकाकू आल्या, पाळण्याची दोरी त्यांनीच धरली. नाना आले नाहीत. मी दोनदा बोलवायला गेलो, दोनदा डबल बेल घेऊन परत आलो. शेवटी सव्वा महिना झाल्यावर शीतलच म्हणाली, "बाबा, ते येत नसतील तर आपण जाऊ." बाळाला दुपट्यात गुंडाळून ती पुढं आणि मी मागं, असे आम्ही दिवे लागायच्या वेळी नानांच्या ओसरीवर चढलो.

नाना खुर्चीतून ताडकन उठले. आधी त्यांनी हात धुतले. मग साबणानं धुतले. मग पुसून, वास घेऊन, पुन्हा धुतले. "मुळीचा वास ऱ्हातो," ते म्हणाले. शीतलनं बाळ पुढं केलं तर ते दोन पावलं मागं सरकले आणि तपासणी सुरू झाली.

"अंगावर पाजतीस का?"

"हो, नाना."

"मग तू बी आसंध घ्यायची न्हाई. कोणी किती बी चांगलं म्हणू दे. बाळंतिणीचा काढा म्हणून कोणी काय आणलं तर आधी डाक्टरला दाखवायचं."

"हो."

"टोचून घेतलं का हिला?"

"घेतलं, नाना. आता घ्या की तिला."

नाना काकूंकडं बघू लागले. काकू म्हणाल्या, "घ्या. काय व्हत न्हाई."

ते खुर्चीत बसले आणि शीतलनं बाळ त्यांच्या डाव्या हातावर ठेवलं. इतकी वर्षं चालत्या गाडीत तोल सांभाळलेला माणूस, पण थांबलेल्या खुर्चीत पाय रोवून बसला होता. बाळानं त्यांच्या सदऱ्याचं बटण धरलं. काकू आत गेल्या आणि आज त्यांनीच दुधाचा पेला आणून नानांच्या शेजारी ठेवला. नानांनी पेल्याकडं पाहिलं, मग काकूंकडं.

"काय घातलं न्हाई ना?" नानांनी विचारलं.

"काय न्हाई," काकू म्हणाल्या. "कोरं हाय."

असल्या वेळी काय बोलायचं हे मला कचेरीनं शिकवलेलं नाही. म्हणून नेहमीसारखी थट्टाच केली, "नाना, हिचं तिकीट कापायचं का?"

"पाच वर्षांच्या आत तिकीट लागत न्हाई," नाना बाळाकडं बघत म्हणाले. "बसू द्या."

थोड्या वेळानं बाळ झोपलं. आता निघावं म्हणून शीतल उठली, मीही उठलो, आणि सवयीनं दोघंही डबल बेलची वाट बघत उभे राहिलो. नानांनी डाव्या हातावरचं बाळ न हलवता उजवा हात लांब केला, दोरी धरली आणि एकदाच ओढली.

टिंग.

आम्ही पुढच्या घंटीची वाट पाहिली. नानांनी दोरी सोडून दिली होती. आम्ही पुन्हा बसलो.